ओके दाबल्यावर बंद होणारा आणि फोन फिरवल्यावर हरवणारा डायलॉग

प्रश्न थोडक्यात असा आहे. मीटरचं रीडिंग नोंदवण्याचं अँड्रॉइड ॲप, कोटलिन भाषेत. यादीतल्या मीटरवर टॅप केलं की डायलॉग उघडतो आणि त्यात रीडिंग, तारीख, शेरा अशी तीन फील्ड आहेत. अलर्टडायलॉग या अँड्रॉइडच्या तयार डायलॉगच्या बिल्डरला स्वतःचा लेआउट (फील्डांची मांडणी) दिलेला आहे. तक्रारी तीन: रीडिंग रिकामं ठेवून ओके दाबलं तरी डायलॉग बंद होतो, फोन आडवा केला की डायलॉगच गायब होतो, आणि एकाऐवजी अनेक शेरे घेता यावेत म्हणून आत रिसायक्लरव्ह्यू (सरकणारी यादी) टाकून पाहिला, तर फील्डवर टॅप करूनही कीबोर्ड वर येत नाही. शिवाय विचारलंय की यासाठी एखादी तयार लायब्ररी घ्यावी का, आणि पुढे हेच आयओएसवर किंवा फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप बनवण्याचं साधन) करायचं झालं तर काय बदलेल.

लायब्ररी नको. तीन फील्डांसाठी बाहेरची लायब्ररी आणली की तिची थीम, तिची अपडेट्स आणि तिचे बग हेही सांभाळणं आलं. तुमच्या तक्रारी डायलॉगच्या दिसण्याबद्दल नाहीत, त्यामुळे लायब्ररीने दिसणं सुधारलं तरी त्या तशाच राहतील.

लेआउटला हात लावण्याआधी एवढं ठरवा: डायलॉगच्या आत काय जातं, बाहेर काय येतं, आणि वापरणारा लिहीत असताना अर्धवट मजकूर कोणाच्या ताब्यात असतो. तुमच्या बाबतीत आत जातो मीटरचा आयडी आणि मागचं रीडिंग. बाहेर येतं एक तर आयडी, नवं रीडिंग, तारीख आणि शेरा हे सगळं एकत्र, नाही तर ‘रद्द’. तिसरी शक्यताही आहे आणि बऱ्याच कोडमध्ये तिचा विचारच झालेला नसतो: उत्तर यायच्या आधीच सिस्टिमने मध्ये हात घातला. स्क्रीन फिरली, वापरणाऱ्याने भाषा बदलली, मेमरी कमी पडली म्हणून मागे गेलेलं ॲप मारलं गेलं. ‘रद्द केलं’ आणि ‘मध्येच तुटलं’ या वेगळ्या गोष्टी आहेत हे कोडमध्ये उतरलं की खालचे बहुतेक निर्णय आपोआप लागतात.

आता ओके. इथे तुमच्या कोडचा दोष नाही, अलर्टडायलॉग लिहिलाच तसा आहे. बटण दाबलं की तो आधी तुमचा लिसनर (बटण दाबल्यावर चालणारा कोड) चालवतो आणि मग लिसनरने काहीही ठरवलेलं असलं तरी स्वतःला बंद करतो. लिसनरमधून काही परत करून त्याला थांबवण्याची सोय नाही. म्हणून सेटपॉझिटिव्हबटनला बटणावरचा मजकूर द्यायचा आणि लिसनरच्या जागी नल (‘काहीच नाही’) द्यायचं. डायलॉग पडद्यावर आल्यानंतर गेटबटनने ते बटण मिळवायचं आणि त्याला साधा सेटऑनक्लिकलिसनर लावायचा. हा लिसनर आतल्या मूळ लिसनरची जागा घेतो, त्यामुळे आपोआप बंद होणं थांबतं आणि डिसमिस कधी बोलवायचं ते तुम्ही ठरवता. क्रम चुकवू नका: शो होण्याआधी गेटबटन नल देतं. डायलॉगफ्रॅगमेंटमध्ये (डायलॉग सांभाळणारा अँड्रॉइडचा घटक, त्याबद्दल खाली) ही जोडणी ऑनस्टार्टमध्ये करायची, तीही सुपरच्या ऑनस्टार्टनंतर, कारण डायलॉग प्रत्यक्ष दिसतो तो त्या कॉलमध्ये.

ओके हातात आलं की खरा प्रश्न सुरू होतो: कशाला अडवायचं आणि कशाला नाही. रिकामं रीडिंग ही चूक आहे, ते अडवायचंच. पण मागच्यापेक्षा कमी रीडिंग ही चूक असेलच असं नाही. मीटर बदललेला असू शकतो, आकडे शेवटाला पोचून पुन्हा शून्यापासून सुरू झालेले असू शकतात, किंवा मागच्याच वेळी चुकीचा आकडा लिहिला गेला असेल. असा आकडा सरसकट नाकारणारा डायलॉग लिहिलात तर जागेवर उभा असलेला माणूस काहीतरी खोटा पण ‘चालणारा’ आकडा टाकून पुढे जाईल. मग तुमच्या डेटाबेसमध्ये व्हॅलिडेशन पास झालेली पण निरुपयोगी नोंद बसेल. म्हणून दोन दर्जे ठेवा. चूक असेल तर फील्डखाली लाल मजकूर आणि डायलॉग जागेवर. शंका असेल तर त्याच ठिकाणी ‘मागचं रीडिंग ४८१२ होतं, हे त्यापेक्षा कमी आहे’ असं लिहायचं आणि ओकेचा मजकूर ‘तरीही नोंदवा’ असा बदलायचा. वर आणखी एक ‘नक्की ना?’ विचारणारा डायलॉग उघडू नका. लोक तो न वाचता उडवतात. आणि वापरणाऱ्याने आकडा पुन्हा बदलला की बटणाचा मजकूर मूळ करायला विसरू नका, नाही तर पहिल्या आकड्याला दिलेली परवानगी दुसऱ्याला लागू होते.

सगळं भरेपर्यंत ओके निष्क्रिय ठेवावं असं बरेच जण सुचवतात. मला ते अँड्रॉइडवर पटत नाही. राखाडी बटण दाबलं जात नाही, पण का जात नाही हेही सांगत नाही. बटण चालू ठेवा, दाबल्यावर पहिल्या चुकीच्या फील्डवर फोकस न्या आणि कारण लिहा. चुकीचा मजकूर पहिल्या अक्षरापासून दाखवायचा नाही, माणूस अजून लिहितोच आहे. पण एकदा ओके दाबून चूक दिसली की त्यानंतर मात्र प्रत्येक बदलाला तपासायचं, म्हणजे दुरुस्ती होताक्षणी लाल ओळ जाते. टेक्स्टइनपुटलेआउटमध्ये एरर-एनेबल्ड सुरुवातीपासूनच चालू ठेवलंत तर त्या ओळीची जागा आधीच राखलेली राहते. नाही तर चूक दिसताच बटणं खाली सरकतात आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

आकडा वाचण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण क्रॅश बहुधा इथेच होतात. मजकुराचा आकडा करणारं टूइंट रिकाम्या मजकुरावर अपवाद फेकतं, म्हणून टूइंटऑरनल. इंटची मर्यादा २१४७४८३६४७, म्हणजे दहा आकडी रीडिंग किंवा चुकून दोनदा पेस्ट झालेला आकडा त्यात मावेलच असं नाही, म्हणून टूलाँगऑरनल. इनपुटटाइप नंबर ठेवला म्हणजे फक्त अंक येतील यावर सगळा भरवसा टाकू नका. ती तुमच्या डेटाची हमी नाही. देवनागरी अंकांचंही प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. जावाचं इंटिजर-पार्सइंट ‘१२’ व्यवस्थित वाचतं, डबल-पार्सडबल तेच नाकारतं. स्विफ्टमध्ये (आयफोन ॲपची भाषा) इंट त्याला निल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं. दशांश चिन्हाचं तर आणखी त्रांगडं: आयफोनचा दशांश कीपॅड त्या माणसाच्या रीजनच्या सेटिंगप्रमाणे टिंब किंवा स्वल्पविराम दाखवतो आणि स्विफ्टचं डबल ‘१२,५’ साफ नाकारतं, अंक इंग्रजी असले तरी. त्यामुळे मजकूर घेऊन आकडा देणारं एकच फंक्शन लिहा: आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढा, अंक एका पद्धतीत आणा, लोकेल (फोनची भाषा-प्रदेशाची सेटिंग) पाहून दशांश चिन्ह समजून घ्या, आणि शेवटी आकडा किंवा कारण परत करा. त्यात डायलॉगचा उल्लेखही नको. मग त्याची युनिट टेस्ट फोन न उघडता चालते.

शेऱ्याला कमाल लांबी ठेवली असेल तर ती कशी मोजली जाते तेही बघा. अँड्रॉइडचा लेंग्थफिल्टर यूटीएफ-१६ ची एककं मोजतो. त्याच्या हिशेबात ‘श्री’ चार होतात (श, हलन्त, र, वेलांटी). फ्लटरच्या टेक्स्टफील्डचं मॅक्सलेंग्थ आणि स्विफ्टचं काउंट डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षराच्या जवळ जातात. मर्यादा सर्व्हरच्या कॉलमसाठी असेल तर तो कॉलम काय मोजतो ते विचारून मगच आकडा ठरवा, नाही तर ‘५० अक्षरं’ म्हणून दिलेली जागा मराठीत तिशीच्या आत संपते.

फोन फिरवल्यावर डायलॉग जातो याचं कारण असं की स्क्रीन फिरली की अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी (ॲपची चालू स्क्रीन) मोडून नवी बनवतं. बिल्डरने थेट शो केलेला डायलॉग जुन्या ॲक्टिव्हिटीच्या खिडकीला टांगलेला असतो, तो तिच्याबरोबर जातो. लॉगकॅट (अँड्रॉइडची लॉग-नोंदवही) नीट बघितलात तर ‘लीक्ड विंडो’ची लांबलचक लाल तक्रार सापडेल, ॲप क्रॅश होत नाही म्हणून ती कोणी वाचत नाही. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणारी फाइल) कॉन्फिगचेंजेसला ओरिएंटेशन लिहून ॲक्टिव्हिटीचं पुन्हा बनणंच थांबवायचं, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. तो घेऊ नका. भाषा बदलली, गडद थीम लागली, अक्षरांचा आकार वाढवला, स्क्रीन दुभागली, की तेच पुन्हा होणार. आणि वर म्हटल्याप्रमाणे मागे गेलेलं ॲप मारलं गेलं तर तिथे कॉन्फिगचेंजेसचा संबंधच नाही. स्क्रीन उभीच ठेवायची हा मार्गही आता अरुंद झाला आहे: २०२५ च्या अँड्रॉइड १६ पासून, त्या आवृत्तीला टार्गेट करणाऱ्या ॲपने घातलेलं दिशेचं बंधन मोठ्या पडद्यांवर पाळलं जात नाही.

उपाय जुनाच आहे: डायलॉगफ्रॅगमेंट. ऑनक्रिएटडायलॉगमध्ये तुमचा तोच बिल्डर जवळजवळ तसाच बसतो. फ्रॅगमेंटमॅनेजर त्याची नोंद ठेवतो आणि ॲक्टिव्हिटी पुन्हा बनल्यावर त्यालाही पुन्हा उभा करतो. लिहिलेला मजकूरही परत येतो, पण एका अटीवर: प्रत्येक एडिटटेक्स्टला आयडी हवा. कोडमधून आयडी न देता बनवलेलं फील्ड पुन्हा रिकामंच उगवतं, आणि ‘डायलॉगफ्रॅगमेंट वापरूनही मजकूर जातो’ ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच असते. दुसरं कारण म्हणजे ऑनक्रिएटडायलॉगमध्ये दर वेळी सेटटेक्स्टने सुरुवातीची किंमत भरणं. सिस्टिम जुना मजकूर त्यानंतर परत टाकते म्हणून साध्या फील्डमध्ये ते खपून जातं, पण निवडलेली तारीख तुम्ही एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरली असेल तर ती जाते. सेव्हडइन्स्टन्सस्टेट (सिस्टिमने जतन केलेली आधीची स्थिती) नल असेल तेव्हाच सुरुवातीच्या किमती भरा, आणि फील्डमध्ये न दिसणारं जे काही आहे ते ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटमध्ये स्वतः ठेवा. व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवलंत तर फिरवण्यातून वाचेल, पण प्रोसेस मेली तर नाही. तिथे सेव्हडस्टेटहँडल लागतं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. ऑनक्रिएटडायलॉगमध्ये बनवलेला लेआउट हा फ्रॅगमेंटचा व्ह्यू नसतो. म्हणून या पद्धतीत व्ह्यूलाइफसायकलओनर मागितलात तर अपवाद येतो. फ्रॅगमेंट स्वतःच लाइफसायकलओनर म्हणून द्यायचा.

उत्तर बाहेर कसं पाठवायचं, हा या सगळ्यातला सर्वांत जास्त चुकणारा भाग. सोपं वाटतं ते असं: डायलॉगच्या कन्स्ट्रक्टरला एक लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) द्यायचं आणि ओकेवर ते चालवायचं. पहिल्या दिवशी चालतं. मग फोन फिरतो आणि सिस्टिम फ्रॅगमेंट पुन्हा बनवायला जाते ती रिकाम्या कन्स्ट्रक्टरने. तो नसेल तर क्रॅश. तो असेल आणि लॅम्डा नंतर प्रॉपर्टीत घातलेलं असेल तर आता ते नल आहे, म्हणजे ओके दाबल्यावर काहीच होत नाही, आणि हा बग क्रॅशपेक्षा वाईट, कारण तो कुठेच नोंदला जात नाही. आत जाणारी माहिती आर्ग्युमेंट्सच्या बंडलमधून द्या. बाहेर येणारी सेटफ्रॅगमेंटरिझल्टने पाठवा, फ्रॅगमेंट १.३.० पासून ही सोय आहे आणि जुनं सेटटार्गेटफ्रॅगमेंट त्याच आवृत्तीत बाद ठरवलं गेलं. ऐकणारा लिसनर ऑनक्रिएटमध्ये नोंदवायचा, बटण दाबल्यावर नाही, म्हणजे पुन्हा बनलेली स्क्रीनही तो नोंदवते आणि उत्तर तिला मिळतं. बोलणारा आणि ऐकणारा एकाच फ्रॅगमेंटमॅनेजरवर हवेत: चाइल्डफ्रॅगमेंटमॅनेजरने डायलॉग दाखवला आणि लिसनर पॅरेंटवर लावला तर उत्तर हवेत विरतं.

उत्तरात मीटरचा आयडी परत पाठवा, यादीतला क्रमांक कधीही नाही. डायलॉग उघडा असताना मागे सिंक होऊन यादीचा क्रम बदलू शकतो आणि ‘तिसऱ्या ओळीचं रीडिंग’ भलत्याच मीटरला चिकटतं. ‘पडद्यावर सध्या निवडलेला मीटर’ असं व्हेरिएबल ठेवून त्याच्या भरवशावर राहणं हीसुद्धा तीच चूक. आणि आर्ग्युमेंट्समध्ये मीटरचा फोटो वगैरे कोंबू नका. बाइंडरच्या (प्रोसेसमधल्या संवादाची अँड्रॉइडची सोय) देवघेवीसाठी अख्ख्या प्रोसेसला मिळून १ एमबीचा बफर असतो आणि तो भरला की ट्रान्झॅक्शनटूलार्ज नावाचा अपवाद येतो, तोही ॲप मागे जाताना, म्हणजे तुमच्या टेबलावर कधीच दिसत नाही.

रद्द करण्याचे दरवाजे मोजून घ्या. ‘रद्द’ बटण, बॅक, आणि डायलॉगच्या बाहेर टॅप. बॅक आणि बाहेरचा टॅप ऑनकॅन्सलमध्ये येतात, रद्द बटण येत नाही; ते फक्त डायलॉग बंद करतं. मग लोक म्हणतात, ऑनडिसमिस सगळ्यांत येतं, तिथेच ‘रद्द झालं’ असं कळवू. इथेच घोळ आहे. डायलॉगफ्रॅगमेंटचं ऑनडिसमिस स्क्रीन फिरताना, जुना व्ह्यू मोडतानाही बोलावलं जातं. म्हणजे वापरणाऱ्याने फोन आडवा केला आणि तुम्ही त्याची नोंद रद्द केली. सुरुवातीला म्हटलेला ‘रद्द’ आणि ‘तुटलं’ यांतला फरक इथे पाळायचा: रद्द बटणाच्या लिसनरमधून आणि ऑनकॅन्सलमधून कळवा, ऑनडिसमिसमधून नाही. सेटऑनकॅन्सललिसनर आणि सेटऑनडिसमिसलिसनर डायलॉगवर थेट लावू नका, ते फ्रॅगमेंटच्या मालकीचे आहेत. त्याची फंक्शन्स ओव्हरराइड करा. सेटकॅन्सलेबलसुद्धा फ्रॅगमेंटवर.

माणसाने काही लिहिलेलं असेल तर बाहेर टॅप झाल्याने डायलॉग जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. मोठ्या फोनवर एका हाताने लिहिताना अंगठा बाहेर पडतोच. सेटकॅन्सल्डऑनटचआउटसाइडला फॉल्स द्या आणि बॅक चालू ठेवा; बॅकही बंद केलंत तर लोक ॲपच बंद करतील.

दोनदा टॅपचा त्रास दोन्ही टोकांना आहे. ओके दोनदा दाबलं तर दोन नोंदी: पहिल्या यशस्वी दाबण्यावर बटण निष्क्रिय करा. यादीवर दोनदा टॅप झालं तर दोन डायलॉग एकावर एक. फाइंडफ्रॅगमेंटबायटॅगने ‘आधीच उघडा आहे का’ बघणं पुरत नाही, कारण शो लगेच अमलात येत नाही, रांगेत लागतं, आणि दुसऱ्या टॅपच्या वेळी टॅग अजून सापडत नाही. शोनाउ वापरलंत तर तपासणीला अर्थ राहतो. सर्व्हरचं उत्तर आल्यावर डायलॉग उघडत असाल तर तेवढ्यात ॲप मागे गेलेलं असू शकतं आणि सेव्हइन्स्टन्सस्टेटनंतर हे करता येणार नाही असं सांगणारा अपवाद येतो. अलाउइंगस्टेटलॉसने तो गप्प बसवण्याऐवजी ‘डायलॉग दाखवायचा आहे’ ही गोष्ट स्टेटमध्ये ठेवा आणि स्क्रीन पुन्हा सुरू झाल्यावर दाखवा.

कीबोर्ड न येण्याचं कारण बाहेरून ओळखणं कठीण आहे. अलर्टडायलॉग उभा राहताना तुमच्या लेआउटमध्ये मजकूर घेणारं एखादं फील्ड आहे का ते शोधतो. सापडलं नाही तर या खिडकीला कीबोर्ड लागणार नाही असं समजून तो तिच्यावर फ्लॅग-आल्ट-फोकसेबल-आयएम लावतो. साध्या लेआउटमध्ये एडिटटेक्स्ट तिथेच असतं, म्हणून तुमचं आधीचं रूप चालत होतं. रिसायक्लरव्ह्यूच्या ओळी मात्र नंतर भरल्या जातात. तपासणीच्या क्षणी तो रिकामा असतो. तुमच्या पहिल्या रूपात रीडिंगचं फील्ड बाहेर होतं, नव्यात तेही यादीत गेलं असणार. शो झाल्यावर विंडोचा तो फ्लॅग क्लिअरफ्लॅग्जने काढा, काम होईल. लेआउटमध्ये एक अदृश्य एडिटटेक्स्ट ठेवायची युक्तीही फिरत असते. ती चालते, पण स्क्रीन रीडरला तो भुताटकीचा फील्ड सापडला तर गोंधळ. खरं सांगायचं तर डायलॉगमध्ये रिसायक्लरव्ह्यू घालावासा वाटला, तिथेच तो डायलॉग राहिलेला नाही. अनेक शेरे हवेत तर पूर्ण स्क्रीन द्या. माझी सीमा अशी: दोन-तीन फील्ड, मागची स्क्रीन न बघता भरता येणारी, आणि कीबोर्ड वर असतानाही बटणांसकट दिसणारी. यातलं एक जरी मोडलं तरी पूर्ण स्क्रीन किंवा खालून येणारी बॉटमशीट.

डायलॉग उघडताच कीबोर्ड हवा असेल तर रीडिंगच्या फील्डला फोकस द्या आणि विंडोला सॉफ्टइनपुटची ‘स्टेट व्हिजिबल’ पद्धत द्या; पोस्टडिलेड लावून थोड्या वेळाने कीबोर्ड ओढून आणणारा कोड दिसला तर काढून टाका. आडव्या फोनवर कीबोर्ड सगळा पडदा व्यापून स्वतःचंच एक मोठं फील्ड दाखवतो, ते टाळायला आयएमई-ऑप्शन्समध्ये फ्लॅगनोएक्स्ट्रॅक्टयूआय. शेवटच्या फील्डवर ‘डन’ दाबलं की ओकेसारखंच वागू द्या, म्हणजे दोन्हीकडून एकच फंक्शन बोलवा. लेआउट स्क्रोलव्ह्यूमध्ये असू द्या.

दिसण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बिल्डरकडूनच कॉन्टेक्स्ट घेऊन लेआउट इन्फ्लेट करा, ॲक्टिव्हिटीचा घेतलात तर डायलॉगची थीम लागत नाही आणि गडद थीममध्ये काळ्यावर काळं होतं. सेटव्ह्यूला दिलेला लेआउट कडेला चिकटतो, कडेची २४ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) जागा स्वतः सोडा. टॅप करायची प्रत्येक गोष्ट ४८ डीपी, आयओएसवर ४४ पॉइंट. फील्डला खरं लेबल द्या, लिहायला लागल्यावर नाहीसा होणारा हिंट पुरत नाही. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. तेवढी करून एकदा बघा. ठरावीक उंचीच्या फील्डमध्ये वेलांट्या आणि उकार कापले जातात तेही तेव्हाच दिसतं.

तारीख लिहायला लावू नका. आजची आधीच भरून ठेवा आणि टॅप केल्यावर पिकर उघडा. डायलॉगवर डायलॉग मला आवडत नाही, पण इथे चालतं. मटेरियलडेटपिकर निवडलेल्या दिवसाच्या यूटीसी मध्यरात्रीचे मिलिसेकंद देतो. ते फोनच्या टाइमझोनमध्ये वाचलेत तर ग्रिनिचच्या पश्चिमेला वापरणाऱ्याला आदला दिवस मिळतो आणि पूर्वेला बसलेल्या डेव्हलपरला काहीच चुकलेलं दिसत नाही. यूटीसीतच लोकलडेट करा. जुना डेटपिकरडायलॉग घेतलात तर त्याचा महिना शून्यापासून सुरू होतो.

ॲप नव्याने लिहिणार असाल तर कंपोजमध्ये (अँड्रॉइडची नवी यूआय लिहिण्याची पद्धत) ओकेची तक्रार जन्मालाच येत नाही. तिथे डायलॉग स्वतः बंद होत नाही. ऑनडिसमिसरिक्वेस्ट ही फक्त विनंती असते आणि तुम्ही स्टेट बदलेपर्यंत तो दिसतच राहतो. ‘डायलॉग उघडा आहे का’ असा खरं-खोटं बूलियन ठेवण्यापेक्षा ‘कोणत्या मीटरचं रीडिंग घेतोय’ हा आयडी किंवा नल अशी एकच गोष्ट ठेवा. दोन व्हेरिएबल ठेवलीत तर ती कधीतरी एकमेकांशी फारकत घेतात. मजकुरासाठी रिमेंबर नव्हे, रिमेंबरसेव्हेबल, आणि त्याला मीटरचा आयडी इनपुट म्हणून द्या.

आयओएसवर तयार यूआयअलर्टकंट्रोलर आयओएस ८ पासून आहे. त्यात ॲडटेक्स्टफील्डने फील्ड घालता येतात, पण फक्त अलर्ट शैलीत, ॲक्शनशीटमध्ये नाही. त्याचा सबक्लास करायचा नाही आणि आतल्या व्ह्यूंना हात लावायचा नाही, असं ॲपलचं दस्तऐवजीकरण स्पष्ट सांगतं. आतले व्ह्यू शोधून त्यात डेटपिकर घुसवणारे तुकडे नव्या आवृत्तीत मोडतात. हा अलर्टही कोणतंही बटण दाबलं की बंद होतो आणि इथे अँड्रॉइडसारखी पळवाट नाही, म्हणून इथे मात्र ॲक्शनचं इझएनेबल्ड खोटं ठेवून मजकूर बदलेल तसं उघडणं हाच मार्ग. तुमच्या तीन फील्डांना तो पुरणार नाही. साधा व्ह्यूकंट्रोलर लिहा आणि आयओएस १५ पासूनच्या शीट प्रेझेंटेशनने अर्ध्या पडद्यावर दाखवा. लिहिलेलं असताना खाली ओढून बंद होऊ नये म्हणून इझमोडलइनप्रेझेंटेशन, कीबोर्डसाठी कीबोर्डलेआउटगाइड. स्विफ्टयूआयच्या अलर्टमधलं टेक्स्टफील्ड आयओएस १६ पासून वापरता येतं.

फ्लटरमध्ये शोडायलॉग फ्यूचर परत करतं आणि नॅव्हिगेटर-पॉपला दिलेली किंमत त्यातून येते, त्यामुळे आत-बाहेरचा करार तिथे आपसूक लिहिला जातो. बाहेर टॅप केलं की नल येतं, ते ‘रद्द’ समजा. दोन जागा सांभाळा. डायलॉग वेगळ्या रूटवर असतो, म्हणून मागच्या पानाच्या सेटस्टेटने तो पुन्हा रंगत नाही. डायलॉगचाच वेगळा स्टेटफुलविजेट करा. आणि टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर त्याच विजेटच्या डिस्पोजमध्ये मोडा. बाहेर, अवेटच्या पुढच्या ओळीत मोडलात तर बंद होण्याचं ॲनिमेशन अजून चालू असतं आणि ‘डिस्पोज झाल्यानंतर वापरला’ असा अपवाद येतो. अवेटनंतर कॉन्टेक्स्ट वापरण्याआधी माउंटेड तपासा.

तपासताना डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ चालू करा, डायलॉगमध्ये अर्धवट लिहा, होमवर जा, परत या, ओके दाबा आणि नोंद योग्य मीटरला पडली का ते बघा. मग तेच ॲप मागे असताना एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) किल आज्ञेने प्रोसेस मारून करा. फोर्सस्टॉप वापरू नका, त्यात जतन केलेली स्टेटही जाते आणि काहीच सिद्ध होत नाही. स्वयंचलित टेस्टसाठी फ्रॅगमेंटसिनारिओमध्ये लाँचफ्रॅगमेंट घ्या, कारण लाँचफ्रॅगमेंटइनकंटेनर डायलॉगसाठी नाही. एस्प्रेसोला (स्क्रीनच्या टेस्टची लायब्ररी) बटण सापडत नसेल तर शोध इझडायलॉग रूटमध्ये करायला सांगा. रीक्रिएटनंतर ओके दाबून उत्तर येतं का, एवढी एक टेस्ट आज लिहिलीत तर तुमच्या सध्याच्या कोडवर ती नक्की पडेल, आणि बदल तिच्यापासूनच सुरू करा.